हातोडीचे कान

हेडफोनची कमान दोन्ही हातांनी ताणून तो वाकला, लाल वाटी उजव्या कानावर टेकवणार, तोच थांबला. म्हाताऱ्याच्या कानाची पाळी मधोमध फाटलेली होती. जखम कधीच भरून आली होती. दोन टोकं वेगवेगळी, गुळगुळीत, लहान माशाच्या शेपटीसारखी दिसत होती.

“काका, मान जरा...” एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

“बाबा, मान सरळ करा म्हणतायत,” स्टुलावर बसलेली मुलगी मोठ्याने म्हणाली.

“सरळच आहे. वय वाकलंय,” म्हातारा म्हणाला.

इस्पितळात त्याला सगळे कानवाला म्हणत. उपचार डॉक्टरबाईंकडे आणि कानांची तपासणी त्याच्याकडे, अशी वर्षानुवर्षांची वाटणी होती. रोज इतके कान बघून त्याची चेहरे लक्षात ठेवायची सवयच मोडली होती. रस्त्यात कोणी ओळख दाखवली तर त्याची नजर आधी कानाकडे जायची. हा कान त्याने पाहिलेला होता. समोरासमोर कधीच नाही. एका रेकॉर्डच्या कव्हरमागे दाणेदार काळापांढरा फोटो होता, त्यात ड्रमच्या मागे बसलेल्या पोराच्या कानावर पांढरी पट्टी होती. पुढच्या रेकॉर्डवर पट्टी नव्हती. ही शेपटी होती.

“ही पाळी,” तो म्हणाला. आवाज फारच हळू आला हे कळून त्याने पुन्हा म्हटलं, “ही पाळी सेफ्टी पिनेने फाटली का?”

मुलीने कपाळाला हात लावला. “ते नका विचारू. इथेच संध्याकाळ होईल.”

म्हातारा कानवाल्याच्या ओठांकडे टक लावून बघत होता. “पीन मीच घातली होती,” तो म्हणाला. “फाडली एका पोरीने. अगदी पुढे उभी होती. तिला वाटलं, आठवण म्हणून घरी न्यावी. पिनेबरोबर कानही येतो हे तिच्या ध्यानात आलं नाही.”

“बंदरावरच्या पत्र्याच्या गोदामात,” कानवाला म्हणाला.

म्हाताऱ्याने मुलीकडे वळून विचारलं, “तू सांगितलंस?”

“मी कशाला सांगू? मला गोदाम कुठलं तेही माहीत नाही.”

“तुम्ही हातोडी ना?” कानवाला म्हणाला. “‘कानठळ्या’मधले?”

‘कानठळ्या’ हा पंक बँड होता. गाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकून सरळ करणाऱ्या एका गॅरेजमध्ये, मालक जेवायला गेला की चार पोरं वाजवायला बसायची. एकालाही धड वाजवता येत नव्हतं, आणि ते लपवायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. गाणी सुरू होईतो संपत. त्यांत घरमालक असत, मुकादम असत, भोंगे असत, तोंडावर आपटलेली दारं असत. तीन रेकॉर्डी निघाल्या आणि बँड फुटला. पुढे त्यांच्यावर पुस्तकं निघाली, आणि त्यांना कधी न ऐकलेल्या पोरांनी त्यांच्यासारखे केस कापून घेतले. गाणारा तो कावळा, गिटारवर तारवाला, खालच्या सुरांच्या गिटारवर मुका, आणि ड्रमवर हातोडी. गॅरेजातही पत्रे ठोकायचं काम त्याच्याचकडे होतं, म्हणून ते नाव.

“या नावाने हाक मारणारे तिघं होते,” म्हातारा म्हणाला. “त्यातला सगळ्यात मोठ्याने मारायचा तो गेला.”

कानवाल्याला ते माहीत होतं. कावळा गेल्याची बातमी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, हरवलेल्या मांजराच्या जाहिरातीशेजारी आली होती. त्या दिवशी काम संपल्यावर तो घरी न जाता तपासणीच्या खोलीत जाऊन बसला होता. तिला इस्पितळात डबा म्हणत: चारही बाजूंनी जाड अस्तर, एक काच, आत एक खुर्ची. रडण्याचा आवाज बाहेर जाणार नाही अशी त्याच्या माहितीतली ती एकच जागा होती.

“त्यासाठीच आलोय आम्ही,” मुलगी म्हणाली. “उरलेले तिघं त्याच गोदामात एक संध्याकाळ वाजवणार आहेत, कावळाकाकांसाठी. आई गेल्यापासून बाबा भिंतीकडे तोंड करून बसायचे. जेवायला उठवायचं म्हणजे युद्ध. मग तारवालेकाकांचा निरोप आला, आणि तेव्हापासून ताट म्हणू नका, पातेलं म्हणू नका, खिडकीची काच म्हणू नका, सगळं ठोकत सुटलेत. शेजारीण विचारते, तुमच्याकडे सुतार लागलेत का?”

“सुतार बरे. त्यांना निदान सुट्टी असते,” म्हातारा म्हणाला.

“डॉक्टरबाई काय म्हणाल्या?” कानवाल्याने विचारलं. त्यांची चिठ्ठी त्याने वाचली होती, तरी विचारलं.

“म्हणाल्या, आधी टेस्ट. त्यांनी आखलेल्या रेषेच्या वर राहिलं, तर कानात बोळे घालून एक संध्याकाळ वाजवू देत. खाली गेलं तर ड्रमच्या जवळही फिरकायचं नाही. उरलंसुरलं एका फटक्यात जाईल, मग यंत्र बसवूनसुद्धा उपयोग नाही.” तिने वडिलांच्या गुडघ्यावर हात ठेवला. “येईल ना हो वर? तुम्ही रोज बघता. चेहऱ्यावरून काही अंदाज?”

“चेहऱ्यावरून नाही कळत,” तो म्हणाला. आणि मग, इतक्या वर्षांत एकाही पेशंटच्या माणसांना जे म्हटलं नव्हतं, ते म्हणाला. “पण येईल.”

तिचा चेहरा उजळला. “बाबांबद्दल इतकं माहीत असणारा माणूस मी पहिल्यांदा बघतेय. माझ्या वर्गात एक मुलगी यांच्या बँडचं नाव लिहिलेला टी-शर्ट घालून येते. मी आपली मोठ्या कौतुकाने विचारायला गेले, ऐकलंयस का त्यांना? तर म्हणते, बाई, ही कपड्यांची कंपनी आहे ना?”

“कापड टिकाऊ असेल,” म्हातारा म्हणाला.

कानवाल्याने हेडफोन पुन्हा उचलला, तेव्हा म्हाताऱ्याने त्याचं मनगट धरलं. पकड अजून पत्रे ठोकणाऱ्याची होती.

“तू होतास? गोदामात?”

म्हाताऱ्याने एकदम तू म्हटलं ते कानवाल्याच्या लक्षातही आलं नाही. “होतो,” तो म्हणाला. “म्हणजे, बाहेर होतो.”

“तिकीट नव्हतं?”

“होतं.”

“मग?”

“शर्टाला इस्त्री होती.”

मुलीला वाटलं तो थट्टा करतोय. पण तसंच घडलं होतं. मुलगा गाण्याच्या कार्यक्रमाला चाललाय म्हणून आईने कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट काढून दिला होता. रांगेत सगळ्यांचे कपडे फाडून पुन्हा टाचलेले. कोणी त्याला काही बोललं नाही, कोणी हसलंही नाही, तरी दाराशी पोचल्यावर तो रांगेतून बाजूला झाला. गोदामाच्या मागे जाऊन पत्र्याच्या भिंतीला कान लावून उभा राहिला. शब्द कळत नव्हते, गिटार म्हणजे नुसती खरखर होती. ड्रम तेवढे पत्र्यातून सरळ हाडांत उतरत होते. घरी आला तेव्हा शर्टाच्या एका बाजूला गंजाचा पट्टा उमटला होता, आणि आईने किती घासला तरी तो गेला नाही.

यातलं थोडंसंच त्याने सांगितलं. खाली मान घालून सांगितलं, त्यामुळे म्हाताऱ्याला त्याचे ओठ दिसले नाहीत आणि मुलीला सगळं पुन्हा मोठ्याने सांगावं लागलं. मोठ्याने सांगितल्यावर ते आणखीनच वेड्यासारखं वाटलं.

“भिंतीला कान लावून?” म्हातारा म्हणाला. “म्हणजे तू फक्त मलाच ऐकलंस.”

“हो.”

“अरेरे.”

तिघंही हसले. त्या हसण्याचा आधार घेऊन कानवाल्याने आयुष्यभर मनात ठेवलेला प्रश्न विचारून टाकला.

“दुसऱ्या रेकॉर्डवर ‘उतार’ संपताना तुम्ही मंद होत जाता. एकदम नाही, पायरीपायरीने. तिथे एकेक यंत्र थांबत जातं आणि कारखाना बंद पडतो, असं मी लोकांना सांगत आलोय. आताची पोरं तर सगळीच गाणी तशी संपवतात. ते कसं सुचलं तुम्हाला?”

म्हाताऱ्याने डोळे बारीक केले. “घामाने काठी सुटत होती,” तो म्हणाला. “पुन्हा वाजवू म्हटलं, तर स्टुडिओवाल्याला सासुरवाडीला जायचं होतं.”

कानवाल्याचा चेहरा पडला असावा, कारण म्हातारा घाईने पुढे म्हणाला, “पण तू म्हणतोस तसंही असेल. मी आपला मागे बसलेलो. मागून काही दिसत नाही.”

डब्याचं दार उघडताना कानवाल्याने त्याला हाताला धरून उंबऱ्यावरून आत नेलं, खुर्चीवर बसवलं, हातात बटण दिलं आणि नेहमीचं सांगितलं. कितीही बारीक स्वर ऐकू आला तरी बटण दाबायचं. आला असं वाटलं तरी दाबायचं.

“आणि या वेळी आत ये,” हेडफोन कानांवर चढण्याआधी म्हातारा म्हणाला. “गोदामात. इस्त्रीसकट ये, कोणी काही बोलला तर माझं नाव सांग.”

दार लागलं. कानवाला बाहेर आपल्या टेबलाशी बसला. काचेतून म्हातारा एका बाजूने दिसत होता. त्याला मात्र टेबलावरचे हात दिसू नयेत अशी मांडणी होती. यंत्रावर एक दिवा होता. आत बटण दाबलं की तो लागे.

त्याने मधल्या पट्टीचा स्वर सोडला, चांगला मोठा. दिवा लागला. आवाज एक पायरी उतरवला. दिवा लागला. आणखी उतरवला, आणखी. दिवा लागत गेला. मुलगी त्याच्या खांद्यामागे उभी राहून बघत होती, तिचा श्वास त्याला ऐकू येत होता. ज्या पायरीवर या वयाच्या, अशा कामातल्या माणसाचे कान हमखास हात टेकतात, तिथेही दिवा लागला. त्याने लाल पेन्सिलीने कागदावर गोल काढला; जितका बारीक स्वर ऐकू येईल, तितकी खूण वर. रेषेच्या वर.

मग वरची पट्टी. ज्या पट्टीत पक्षी बोलतात, ज्या पट्टीत माणसांच्या बोलण्यातले स आणि फ असतात, ती. गॅरेजवाल्यांची तिथे धूळधाण झालेली असते. त्याने स्वर सोडला, उतरवला, सोडला, उतरवला. दिवा एकदाही चुकला नाही. कानवाल्याला आपलं काम इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. टेबलाखाली त्याचा पाय हलत होता. उजवा कान झाला, डावा झाला, निळ्या फुल्याही लाल गोलांच्या शेजारी जाऊन बसल्या. सगळ्या वर.

“आलं?” मुलीने विचारलं.

त्याने मान डोलावली.

तिने दोन्ही हात तोंडावर धरले, मग काढले, मग फोन शोधायला लागली. “तारवालेकाकांना सांगते. ते बिचारे घरात येरझारा घालत असतील.” ती बाहेर पळाली. दार मागे अर्धवट उघडंच राहिलं.

कानवाल्याने म्हाताऱ्याला डब्यातून बाहेर आणलं, खुर्ची दिली आणि कागद त्याच्यापुढे सरकवला. म्हाताऱ्याने कागदाकडे पाहिलंही नाही. त्याने दाराकडे बघून घेतलं आणि खुर्ची पुढे ओढली.

“उपकार झाले,” तो म्हणाला.

“कसले?”

“आता कोणी नाही, मोकळेपणाने बोल. ‘भोंगा’ होतं ना ते?”

कानवाल्याला कळलं नाही. म्हाताऱ्याने दोन बोटांनी टेबलाच्या कडेवर ठेका धरला. पहिल्या रेकॉर्डवरचं पहिलं गाणं. हळूहळू सुरू होणारं, एकसारखं, दारावर कोणीतरी शांतपणे थापा मारत राहावं तसं.

“सुरुवातीचे खणखणीत आले,” म्हातारा म्हणाला. “दोन-चार आले आणि ओळखलं. म्हटलं, शाब्बास, पोरगा साथ देतोय. मग काय, ‘भोंगा’ मला झोपेतून उठवलं तरी येतं. पुढचं काही ऐकू येत नव्हतं. तू तिकडे वाजवतोयस असं धरून मी इकडे वाजवत गेलो. कावळ्याचा आवाज बसला की त्याच्याबरोबर असंच वाजवायचो. तो नुसता तोंड हलवायचा.”

नवीन शिकायला येणाऱ्यांना कानवाला पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगायचा. स्वर कधी सोडाल याचा नेम असता कामा नये. कधी लगेच, कधी वाट बघायला लावून. माणूस लबाड नसतो, पण कान आशाळभूत असतो. त्याला चाल सापडली की तो न आलेलंही ऐकतो. हे सांगताना तो बोट उगारायचा. ‘भोंगा’च्या ठेक्यावर स्वर सोडत गेलेलं तेच बोट आता टेबलावर पडलेलं होतं. त्याने पायाकडे पाहिलं. पाय थांबला होता.

म्हातारा त्याच्या चेहऱ्याकडे बघत होता. ऐकू कमी यायला लागल्यापासून त्याला चेहरे चांगले वाचता येत असावेत.

“तुला ठाऊक नव्हतं,” तो म्हणाला.

कानवाल्याने मानेनेच नाही म्हटलं.

“बरं. नव्हतं तर नव्हतं. कागद तयार आहे.”

कागद तयार होता. गोल सुबक होते, फुल्या सरळ होत्या. खाली सही केली की तो डॉक्टरबाईंच्या टेबलावर जाणार होता, आणि त्यांनी आजवर त्याच्या एकाही कागदावर शंका घेतली नव्हती. बंदरावर एका संध्याकाळी पत्र्याचं दार उघडणार होतं. तो आत जाणार होता. तो पेन्सिल बोटांत फिरवत राहिला.

“टेस्ट परत घ्यावी लागेल,” तो शेवटी म्हणाला.

“का?”

“चूक झाली माझी.”

“चूक,” म्हातारा म्हणाला. “आमचं सगळं चुकांवरच उभं आहे. आत्ता तूच सांगत होतास, पोरं ती गिरवतात म्हणून.”

कानवाल्याला वाद घालता येत नसे; घरी नाही, इस्पितळात नाही.

“एक संध्याकाळ,” म्हातारा म्हणाला. आवाज त्याने खाली आणला होता, पण त्याला स्वतःचा आवाज कळत नसल्याने तो मोठाच होता. “कावळ्यासाठी. नंतर गेले कान तर जाऊ देत. आता ऐकण्यासारखं राहिलंय काय?”

बाहेरच्या बोळात मुलगी फोनवर बोलत होती. “हो काका, वर. अगदी वर. अहो मी स्वतः बघितलं ना, दिवा लागत होता.” तिकडून काहीतरी विनोद झाला असावा, कारण ती खळखळून हसली. ते हसू अर्धवट उघड्या दारातून आत आलं आणि खोलीभर पसरलं. म्हातारा कानवाल्याकडेच बघत होता. उत्तराची वाट बघत होता.

“त्या हसतायत,” कानवाला म्हणाला.

“कोण?”

“तुमची मुलगी. बाहेर. आत्ता.”

म्हाताऱ्याने मान वळवली आणि फाटक्या पाळीचा कान दाराकडे केला.

“हसतेय?”

“हो.”

“कशाला हसतेय?”

“तारवाल्यांनी काहीतरी म्हटलं असेल.”

“त्याला कधीपासून विनोद करता यायला लागले?” म्हातारा म्हणाला. मान अजून दाराकडेच होती. “समोर बसून बोलली की ऐकू येतं मला. हळू बोलतच नाही ती. आईवर गेलीय.”

“तेवढंच उरलंय,” कानवाला म्हणाला. म्हातारा त्याच्याकडे बघत नव्हता, म्हणून त्याने हाताला हलकेच स्पर्श करून त्याला वळवलं आणि पुन्हा सांगितलं. “समोरचं बोलणं. तेवढंच उरलंय. त्या संध्याकाळी जाईल ते हेच.”

म्हाताऱ्याने कागद जवळ ओढून पहिल्यांदाच नीट पाहिला. लाल गोलांवरून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

“छान काढलंयस,” तो म्हणाला.

मग टेबलाला हात टेकून उठला. कोणी धरायच्या आत स्वतःच डब्याचा उंबरा ओलांडला, खुर्चीवर बसला, हेडफोन स्वतःच चढवला. वाट्या उलट्या लागल्या होत्या. कानवाल्याने आत जाऊन त्या बदलल्या. लाल उजवीकडे, निळी डावीकडे.

“घे,” म्हातारा म्हणाला. “पण या खेपेला मला सापडू नकोस.”

नवा कागद लावून कानवाला टेबलाशी बसला. पहिला मोठा स्वर सोडला, दिवा लागला. दुसरा सोडायच्या आधी तो थांबला, मनात काहीतरी मोजलं, आणि मोजतोय ते ‘भोंगा’च आहे हे त्याच्या लक्षात आलं. त्याने घाई केली. घाईही त्याच गाण्यातली, मधल्या भागातली निघाली. इतकी वर्षं त्याच्या अंगात दुसरं काही मुरलंच नव्हतं. त्याने दोन्ही पाय खुर्चीच्या आडव्या दांडीवर उचलून ठेवले. तरी बोट जायचं तिथेच जात होतं.

टेबलाच्या डाव्या हाताला खिडकी होती. खाली रस्ता. त्याने यंत्राकडे बघायचं सोडून खिडकीकडे तोंड केलं आणि ठरवलं, समोरच्या विजेच्या खांबाशी कोणी आलं की स्वर सोडायचा. आपण ठरवायचंच नाही.

छत्री काखेत मारलेला एक माणूस खांबापाशी आला. स्वर. दिव्याकडे त्याने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. दिवा लागला नाही. मग बराच वेळ कोणीच नाही. मग एक बाई, हातात पिशव्या, आणि तिच्या मागोमाग दुसरी. स्वर, स्वर. दिवा नाही. त्याने आवाज वाढवला. सायकलवाला. दिवा नाही. आणखी वाढवला. दोन शाळकरी मुली खांबाशी येऊन बुटाची नाडी बांधायला थांबल्या आणि गेल्या. डब्यात म्हातारा ताठ बसला होता, अंगठा बटणावर, चेहरा असा, की आत्ता कोणीतरी नाव घेऊन हाक मारेल. कानवाला वाढवत गेला. शेवटी जो स्वर त्याच्या टेबलापर्यंत अस्तरातून अस्पष्ट पोचायला लागला, त्यावर दिवा क्षीणपणे लागला. म्हणजे क्षीण नव्हता. दिवा नेहमीसारखाच होता. कानवाल्याने लाल गोल काढला. रेषेच्या पुष्कळ खाली.

पुढची पट्टी. त्याच्यापुढची. मग डावा कान. रस्त्यावरून माणसं जात राहिली, त्यांना काही माहीत नव्हतं. डॉक्टरबाईंची रेषा कागदावर वरच राहिली, एखाद्या उंच फळीसारखी, आणि गोल आणि फुल्या खाली गर्दी करून बसल्या.

शेवटची एक खूण राहिली होती. रस्ता रिकामा झाला. खांबाशी कोणी येईना. कानवाल्याने बोट यंत्रापासून उचलून मांडीवर ठेवलं आणि वाट बघत बसला.

दिवा लागला.

त्याने यंत्राकडे पाहिलं. स्वर सोडलेला नव्हता. दिवा विझला, आणि पुन्हा लागला. विझला, लागला. काचेपलीकडे म्हाताऱ्याने डोळे मिटले होते. मान थोडी पुढे झुकली होती, अंगठा बटणावर हलत होता. जोर नव्हता त्यात, घाईही नव्हती. एकसारखं, दारावर कोणीतरी शांतपणे थापा मारत राहावं तसं.

असं झालं तर काचेवर टकटक करायची, पेशंटला थांबवायचं आणि स्वर आल्याशिवाय बटण दाबू नका म्हणून समजावायचं, असा नियम होता. कानवाल्याने टकटक केली नाही. त्याने पाय दांडीवरून खाली घेतले.

दार ढकलून मुलगी आत आली. तिच्या गालांवर अजून फोनवरचं हसू होतं. म्हातारा पुन्हा डब्यात बसलेला बघून ती क्षणभर गोंधळली, मग तिला दिवा दिसला. लागत होता, विझत होता, लागत होता.

“बघा तरी,” ती म्हणाली. “सगळं ऐकू येतंय की त्यांना.”

तिने स्टूल ओढून घेतलं आणि त्याच्या शेजारी बसून काचेतून बघू लागली.

“झालंच ना?” थोड्या वेळाने तिने विचारलं.

कानवाल्याने नव्या कागदावर हात आडवा ठेवला.

“थांबा,” तो म्हणाला. “थोडं राहिलंय.”